कोकणात घरच्या घरी बटाटा: कुठला वाण लावावा?

आगरातली_माई | २४ ऑक्टोबर
नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ. मागे नारळ-सुपारीचं आगर आणि विहिरीच्या अंगाला अर्ध्या गुंठ्याची मोकळी, उन्हाची जागा. तिथे मुळा, माठ, वाल दरवर्षी होतो. यंदा बटाटा लावायचं मनात आहे.

बाजारात विचारलं तर "कोंब आलेला कुठलाही लावा" असं सांगतात. इथल्या बियाण्याच्या दुकानात बटाटा कोणी ठेवत नाही. वाचायला घेतलं तर ज्योती, पुखराज, चंद्रमुखी, सिंदुरी, सूर्या, लवकर, चिप्सोना अशी नावांची रांग. यातलं किनाऱ्यावर काय चालेल? सासूबाईंचं म्हणणं, कोकणात बटाटा होत नाही, झाला असता तर आपल्या वाडवडलांनी लावलाच असता. त्यांचं म्हणणं उडवून लावायचं नाहीये, पण होत नसेल तर का होत नाही हे कळायला हवं. माती तांबडी, जरा पुळणवट. विहिरीचं पाणी फेब्रुवारीपर्यंत गोडं, मग मचूळ लागतं.

भरतीओहोटी | २४ ऑक्टोबर
बिनधास्त लावा. आमच्याकडे टोपलीतले कोंब आलेले बटाटे लावले होते. पाला असा माजला की शेजारी बघायला यायचे.

पायथ्याची_वाडी | २४ ऑक्टोबर
आणि मातीखाली?

भरतीओहोटी | २४ ऑक्टोबर
मातीखाली सुपाऱ्या. पण पाला खरंच बघण्यासारखा होता!

जांभ्यातला_कृषिवाला | २५ ऑक्टोबर
वरच्या तीन ओळींतच माईंच्या सासूबाईंच्या म्हणण्याचं कारण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बटाट्याला पाला वाढवायला आपली हवा चालते. बटाटा धरायला मात्र रात्र थंड लागते. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली असेल तर झाड साखर खाली पाठवतं आणि गाठी धरतात. रात्री उकाडा असेल तर दिवसभरात केलेली कमाई श्वसनातच जळते, गाठ धरण्याचा इशाराही मंदावतो, आणि झाड पाल्यावरच जोर देत राहतं. दिवस लहान असणं बटाट्याला पोषकच, त्यामुळे आपल्या हिवाळ्याची ती बाजू चांगली आहे. अडचण फक्त उष्णतेची.

आता आपल्याकडची थंडी. रत्नागिरी शहरात, समुद्रालगत, जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १८-१९ पर्यंत उतरतो. म्हणजे आपण अगदी उंबरठ्यावर आहोत. दापोली पठारावर असल्यामुळे तिथे काही वर्षी १० च्या खाली गेलेला आहे. संगमेश्वर, लांजा, चिपळूणच्या सह्याद्रीकडच्या वाड्यांतही रात्री चांगल्या गार असतात. तेव्हा "कोकणात होतो का" याचं एकच उत्तर नाही. गुहागरचं उत्तर वेगळं, पाटणच्या घाटाखालच्या गावाचं वेगळं.

समुद्रालगत हाताशी थंडी असते ती डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. यात बसेल असाच वाण घ्यायचा. ११०-१२० दिवसांचा कुफरी सिंदुरी इथे बाद. ज्योतीलाही शंभराच्या आसपास दिवस लागतात. माझ्या मते माईंनी दोनच नावं डोळ्यासमोर ठेवावीत, कुफरी सूर्या आणि कुफरी लवकर. सूर्या २००६ चा, मुद्दाम उष्णता सोसणारा म्हणून काढलेला. रात्र २० अंशांच्या थोडी वर गेली तरी धरतो आणि तुडतुड्यांनाही बऱ्यापैकी टिकतो. लवकर १९७२ चा, महाराष्ट्राच्या पठारी भागासाठीच दिलेला, ७५-८० दिवसांत निघतो.

आगरातली_माई | २५ ऑक्टोबर
अशा उत्तरासाठीच धागा काढला होता. आभार. सगळ्या नावांच्या आधी "कुफरी" का असतं?

जांभ्यातला_कृषिवाला | २५ ऑक्टोबर
कुफरी हे सिमल्याजवळचं ठिकाण. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला हलली. बटाट्याचा संकर करायचा तर झाडाला फुलं यायला हवीत, आणि ती डोंगरातल्या लांब दिवसांत भरपूर येतात. म्हणून ते काम कुफरीला चालतं.

मालवणचो_झील | २५ ऑक्टोबर
माझ्या आवशीन परड्यात बटाटे लायल्यान. पयल्यांदा कोणाक कळला, तर घुशीक. आमका मागीर कळला.

पायथ्याची_वाडी | २६ ऑक्टोबर
घुशीचं सोडा, आमच्याकडे रानडुक्कर आणि साळिंदर आहेत. साळिंदराला बटाट्याचा वास कसा लागतो देव जाणे, नेमका काढणीच्या आठवड्यात येतो.

मी संगमेश्वरच्या वर, अगदी डोंगराच्या पायाशी राहतो. हळवं भात निघालं की त्याच कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, वायंगणी (हिवाळी) भाजी करतो, त्यात बटाट्याच्या दोन-चार ओळी असतात. आमच्याकडे चंद्रमुखी छान आली, पुखराजही आली. चव चंद्रमुखीला. पुखराज उतरते भरपूर, आतून पिवळसर असते, पण मऊ पडते आणि टिकत नाही. रोजच्या रश्श्याला उत्तम, साठवायला नको.

एक गोष्ट कृषिवाल्यांच्या लिहिण्यात भर म्हणून: लावायची घाई करू नका. पुस्तकात १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर लिहिलेलं असतं ते देशावरचं. आपल्याकडे ऑक्टोबरची काहिली आणि अवकाळी सर दोन्ही असतात, आणि कापलेलं बेणं ओल्या गरम मातीत चार दिवसांत कुजतं. आम्ही देवदिवाळीच्या सुमारास लावतो आणि शिमग्याच्या बऱ्याच आधी काढून मोकळे होतो.

गच्चीवरचा_अलिबागकर | २६ ऑक्टोबर
गच्चीवाल्यांसाठीही कोणी लिहा ना. मी गोणीत लावायचं म्हणतोय. एका व्हिडिओत पाहिलं, जसं झाड वाढेल तशी माती चढवत जायची, मग गोणीभर थरावर थर बटाटे निघतात.

विहिरीवरची_रहाट | २६ ऑक्टोबर
तो व्हिडिओ बघून इथल्या निम्म्या लोकांनी गोण्या भरल्या असतील. आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या वाणांत बटाटे बेण्याच्या आसपास एका थरातच धरतात. वर माती चढवत गेलात तर खोड लांब होईल, बटाट्याचे मजले होणार नाहीत. भर द्यायची ती दोन कारणांसाठी. धरलेला बटाटा उघडा पडून हिरवा होऊ नये, आणि मुळाशी माती गार राहावी. लावल्यापासून महिन्याभरात एकदा चांगली भर दिली आणि पुढे पंधरवड्याने थोडी, की झालं.

गोणीबद्दल सांगायचं तर काळी ग्रोबॅग गच्चीवर नको. दुपारी हात लावून बघा, बाहेरची माती भाजत असते. खताची पांढरी गोणी घ्या, खाली भरपूर भोकं पाडा. एका झाडाला दहा-बारा लिटर माती तरी हवी. मी तळाला नारळाची सोडणं घालते, ती ओल धरतात आणि फुकट मिळतात. वरून भाताच्या पेंढ्याचा जाड थर. गोण्या अशा ठेवा की सकाळचं ऊन पूर्ण मिळेल आणि तीननंतर कठड्याची सावली येईल.

भरतीओहोटी | २७ ऑक्टोबर
मला एक कळत नाही, बियाण्याचा एवढा बाऊ का? बटाटा बाजारातून आणला, कोंब आला, लावला. आजवर लोक असंच करत आले. दोन किलोसाठी पंजाबचं बियाणं शोधत कोण फिरणार?

जांभ्यातला_कृषिवाला | २७ ऑक्टोबर
बाऊ करायलाच हवा, आणि कोकणात तर जास्तच. कारण मर रोग. आपल्या तांबड्या, ओलसर, आम्लधर्मी मातीत वांगी-टोमॅटो-मिरची उभीच्या उभी कोमेजताना सगळ्यांनी पाहिली असतील. पानं हिरवी असतानाच झाड मान टाकतं. तो जिवाणूजन्य मर रोग बटाट्यालाही होतो आणि बटाट्याच्या बेण्यातून न दिसता येतो. बाजारातला बटाटा वरून देखणा असतो, आत काय आहे ते कोणी तपासलेलं नसतं. एकदा मातीत शिरला की पुढची कित्येक वर्षं त्या जागी वांगं धरत नाही. नुकसान बटाट्यापुरतं राहत नाही, म्हणून म्हणतो.

शंका आली तर घरी ओळखता येतो. कोमेजलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापायचं, बोटभर तुकडा घ्यायचा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात कापलेली बाजू बुडेल असा धरायचा. हलवायचं नाही. मर रोग असेल तर थोड्याच वेळात कापातून दुधासारखे पांढरे धागे सरळ खाली उतरताना दिसतात. साध्या पाण्याच्या ताणाने कोमेजलं असेल तर पाणी स्वच्छ राहतं.

विहिरीवरची_रहाट | २७ ऑक्टोबर
हे मी आत्ताच वांग्यावर करून पाहिलं. धागे दिसले. अंगावर काटा आला. आता त्या वाफ्यात काय लावू?

जांभ्यातला_कृषिवाला | २७ ऑक्टोबर
ते झाड मुळासकट, मातीच्या गड्ड्यासकट काढून जाळा. खतखड्ड्यात टाकू नका. त्या वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका, खुरपंही धुऊन घ्या. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा तिथे नको. मका किंवा भात घेत राहा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मर रोगाला दाद न देणारी वांगी काढली आहेत, वांगं हवंच असेल तर दुसऱ्या जागेत ती लावा.

भरतीओहोटी | २८ ऑक्टोबर
पटलं. वांग्याची गोष्ट आधी सांगितली असतीत तर वादच घातला नसता. आमच्या घरी वांग्याशिवाय पान हलत नाही.

कणगरवाला | २८ ऑक्टोबर
मी थोडं वेगळं बोलतो. माईंच्या सासूबाईंचा मुद्दा कोणी नीट ऐकला नाही असं मला वाटतं. वाडवडलांनी बटाटा लावला नाही कारण त्यांच्या परसात कणगर होती, करांदे होते, कोनफळ, सुरण, रताळी, अळकुड्या होत्या. मे अखेरीस कंद मातीत टाकला की पावसावर वाढतो, ना फवारणी ना पाटाचं पाणी, आणि थंडीत उकडून गरम गरम कणगर खोबऱ्याबरोबर खावी. बटाटा पोर्तुगीजांबरोबर याच किनाऱ्यावर उतरला हे खरं, पण रमला तो घाटावर आणि उत्तरेत. आपल्या हवेत जे आपणहून येतं ते सोडून थंडीची वाट बघत बसणारं पीक कशाला? आज आमच्या वाडीत करांद्याचा वेल दोनच घरांत उरलाय. मला याचं फार वाईट वाटतं.

आगरातली_माई | २८ ऑक्टोबर
काका, तुमचं म्हणणं मनाला लागलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "हा माणूस शहाणा आहे." आमच्याकडे कोनफळ आहे, कणगरीचं बेणं मिळालं तर मे महिन्यात नक्की लावीन. पण बटाट्याची जागा वेगळी आहे आणि वेळही वेगळी. कणगर पावसाळ्यात, बटाटा थंडीत. एकाने दुसऱ्याचं काही अडत नाही.

कणगरवाला | २८ ऑक्टोबर
तसं असेल तर माझी ना नाही. बेणं माझ्याकडून घ्या. मात्र कंद काढताना काटे सांभाळा, कणगरीच्या वेलाबरोबर मुळांनाही काटे असतात.

उपासतापास | २९ ऑक्टोबर
मध्येच विचारते. घरच्या बटाट्याचे वेफर पांढरे होतील का? बाजारातल्या बटाट्याचे तळले की तांबूस-काळे होतात. आषाढी-महाशिवरात्रीला नुसता वैताग.

पायथ्याची_वाडी | २९ ऑक्टोबर
तो शीतगृहाचा परिणाम. २ ते ४ अंशांत ठेवला की पिठाची साखर होत जाते आणि तळताना तीच साखर करपते. ताज्या काढलेल्या बटाट्याला हा त्रास कमी. वेफरसाठीच करायचं असेल तर चिप्सोना, त्यात पाणी कमी आणि साखरही कमी. पण तो शंभर दिवसांच्या घरातला, आमच्याकडे जेमतेम बसतो, माईंकडे बसणार नाही. आणि उकाड्यात पोसलेल्या कुठल्याही बटाट्यात पीठ कमीच भरतं, ते लक्षात ठेवून भाजीपुरताच करावा.

आगरातली_माई | ३० ऑक्टोबर
बियाणं मिळवायचं कुठून हा प्रश्न अजून तसाच आहे. पुणे जिल्ह्यातल्या मंचरला फोनवर विचारलं, पंजाबचं बियाणं येतं म्हणाले, पण ५० किलोचं पोतं.

जांभ्यातला_कृषिवाला | ३० ऑक्टोबर
हेक्टरी २५ ते ३० क्विंटल बेणं लागतं, म्हणजे गुंठ्याला २५-३० किलो. तुमच्या अर्ध्या गुंठ्याला बारा-पंधरा किलो पुरे. पोतं चौघांत वाटून घ्या. घेताना प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी पोत्यावर आहे का ते बघाच. पंजाबचंच बियाणं का, तर तिथे मावा वाढायच्या आत पाला कापून टाकतात, त्यामुळे माव्यातून पसरणारे विषाणू बेण्यात उतरत नाहीत. आपल्याकडचंच बेणं वर्षानुवर्षं धरलं तर बटाटा लहान लहान होत जातो, तो याच विषाणूंमुळे.

भरतीओहोटी | ३० ऑक्टोबर
पोत्यात मी आहे. दहा किलो माझे.

गच्चीवरचा_अलिबागकर | ३० ऑक्टोबर
मला पाच किलो पुरतील. पुण्याहून येताना मी गाडीत टाकून आणतो, पेणला वाटप करू.

विहिरीवरची_रहाट | ३१ ऑक्टोबर
पेण माईंना किती लांब पडेल, नकाशा बघा जरा! चिपळूणपर्यंत एसटी पार्सलने पाठवा.

बेणं हातात आलं की लगेच पुरू नका. अंधाऱ्या पोत्यात लांब पांढरे कोंब येतात, ते हात लागताच तुटतात. पडवीत उजेड असेल, ऊन नसेल, अशा जागी सुपात एका थरात पसरा. दोन आठवड्यांत आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब येतात. तेच चांगले. कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान बटाटा अख्खा लावा. मोठा असेल तर प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे ठेवून कापा आणि कापलेली बाजू सावलीत कोरडी होऊ द्या. एक बटाटा कापून झाला की सुरी उकळत्या पाण्यात बुडवून घ्या. कृषिवाल्यांनी सांगितलेला रोग सुरीवरूनही जातो.

पायथ्याची_वाडी | ३१ ऑक्टोबर
आणि राख टाकायचा मोह आवरा. चुलीची राख म्हणजे आपल्याकडे सगळ्यावर औषध. पण राखेने मातीचा आम्लपणा उतरतो आणि मग बटाट्याच्या सालीवर खरबरीत खवले धरतात. कच्च्या शेणानेही तेच होतं. आपली तांबडी माती मुळातच आम्लधर्मी, बटाट्याला मानवणारी, तिला तशीच राहू द्या. कुजलेलं शेणखत आणि कुजलेला पातेरा यावर उत्तम येतो.

मालवणचो_झील | १ नोव्हेंबर
करप्याचा काय? आवशीच्या बटाट्यांका घुशीच्या आधी करपो लागलो होतो.

जांभ्यातला_कृषिवाला | १ नोव्हेंबर
ढगाळ हवा आणि दव दोन्ही आलं तर लागतो. सुपारीच्या गळीवर मारता तेच एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) चालतं, वेगळं काही आणू नका. परसापुरतं करायचं तर १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, आणि दोन्ही एकत्र ओतून त्याच दिवशी वापरायचं. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको.

आगरातली_माई | १४ नोव्हेंबर
मंडळी, पोतं आलं, वाटप झालं. सूर्याच मिळाला, लवकर कुणाकडेच नव्हता. माझे पंधरा किलो पडवीत पसरलेत. देवदिवाळीला लावते. सऱ्या दीड फुटावर, बेणं वीतभर अंतरावर, वर पेंढा. पाणी संध्याकाळी देणार म्हणजे माती रात्री गार राहील. पायथ्याच्या वाडीकडून आलेली थोडी चंद्रमुखी एका ओळीत लावून बघते. आमच्या रात्री तिला पुरतात का ते एकदा स्वतःच्या जमिनीत बघायचं आहे. वांग्याची जागा सोडून लावतेय.

आगरातली_माई | २३ फेब्रुवारी
काल काढणी केली. आधी आठ-दहा दिवस पाणी तोडून पाला कापला होता, त्यामुळे साल घट्ट बसलीय, अंगठ्याने चोळली तरी निघत नाही. सूर्याने किलोला चार किलोच्या आसपास दिलं, बरेचसे मुठीत मावतील असे. चंद्रमुखीच्या ओळीत पाला तेवढाच होता, पण खाली मोजकेच आणि बारीक. विहिरीचं पाणी यंदा आधीच मचूळ झालं, शेवटची दोन पाणी तशीच दिली, त्याने कडेची पानं करपली. पुढच्या वर्षी आठवडाभर आधी लावीन.

सासूबाईंनी पहिल्या टोपलीतले चार देवापुढे ठेवले आणि बाकीच्यांची सुकी भाजी केली. आता तातडीचा प्रश्न: उरलेले ठेवू कसे? एकदोन बटाट्यांच्या डोळ्यांपाशी काळी भुकटी आणि बारीक भोक दिसतंय.

पायथ्याची_वाडी | २३ फेब्रुवारी
ती पोखरणारी अळी. पाकोळी उघड्या बटाट्याच्या डोळ्यांवर अंडी घालते. भोकवाले आजच वेगळे काढा आणि अळीसकट नष्ट करा, नाहीतर सगळी रास पोखरेल. हिरवे पडलेले असतील तेही खाऊ नका. बाकीचे न धुता, गार अंधाऱ्या खोलीत पसरा, आणि खाली-वर घाणेरीचा वाळलेला पाला बोटभर जाडीचा घाला. कुंपणाला घाणेरी असेलच. वासाने पाकोळी फिरकत नाही. कांद्याशेजारी ठेवू नका आणि आठवड्याला एकदा हात फिरवून नासका काढत जा.

आगरातली_माई | २३ फेब्रुवारी
घाणेरी भरपूर आहे, आत्ताच तोडायला जाते. चौदा-पंधरा भोकवाले निघाले.

कणगरवाला | २४ फेब्रुवारी
माई, कणगरीचं बेणं वाळूत राखून ठेवलंय. मे संपायच्या आत घेऊन जा, कोंब फुटले की प्रवासात मोडतात.